"तिनं माझी जागा धरली नाही": मुलांच्या भांडणात मोठ्यांनी काय करावं

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस घरी येताच तिनं दप्तर भिरकावलं आणि जाहीर केलं, "मी उद्यापासून शाळेत जाणार नाही." मी एका दमात विचारलं, कुणी मारलं का? बाईंना सांगितलंस का? तू काय केलं होतंस? तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. रात्री दिवा मालवल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिनं माझी जागा धरली नाही. मुद्दाम."

मला राग आवरला नाही. मैत्रिणीच्या आईला फोन लावला आणि नको ते बोलून बसले. पलीकडून थंड आवाजात उत्तर आलं. त्या मुलीला चष्मा लागला होता, म्हणून बाईंनी तिला पहिल्या बाकावर हलवलं होतं. दोन दिवसांत मुली पुन्हा गळ्यात गळे घालून हिंडायला लागल्या. आम्हा दोघी आयांना मात्र एकमेकींशी धड बोलायला वर्ष लागलं.

सगळा घोळ त्या "मुद्दाम" या शब्दानं केला होता. मुलीनं तो उच्चारला आणि मी तो तपासून न पाहता उचलला. त्यानंतर मी ज्या क्रमानं वागायला शिकले, तो क्रम इथे देते. पहिली ते पाचवीच्या मुलांना तो लागू पडतो.

पायरी १: आधी नुसतं ऐका

दारातच उलटतपासणी नको. मुलं समोरासमोर बसवल्यावर कमी बोलतात. शेजारी बसून चित्र रंगवताना, चालताना किंवा अंधारात पडल्यावर जास्त बोलतात. "कोणाचं चुकलं?" हा प्रश्न तर टाळाच. त्याऐवजी "तू कुठे बसली होतीस? मग ती काय म्हणाली? मग?" असं विचारत राहा. घटना क्रमानं सांगता सांगता मुलाचा अर्धा राग उतरतो.

"एवढंच ना?" हे दोन शब्द गिळून टाका. मुलांची मैत्रीची समज कशी वाढत जाते, हे रॉबर्ट सेलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं टप्प्याटप्प्यानं मांडलं आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या लेखी मित्र म्हणजे माझ्यासाठी काहीतरी करणारा. देवाणघेवाणीचं, "मी तुझं ऐकतो, तू माझं ऐक" असं गणित त्यानंतर येतं आणि एकमेकांची गुपितं जपणं आणखी पुढे. त्या हिशेबानं दुसरीतल्या मुलीसाठी जागा न धरणं म्हणजे मैत्रीच संपली.

पायरी २: "मुद्दाम" बाजूला काढा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलग्यांना एक कोडं जुळवायला दिलं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी मोडलं, असं त्यांना भासवलं गेलं. मोडणाऱ्याचा हेतू स्पष्ट नसताना, एरवी मारकुटी असलेली मुलं तो वाईटच होता असं धरून चालली. म्हणजे मारामारीचं मूळ अनेकदा घटनेत नसतं, तिच्या लावलेल्या अर्थात असतं. आणि अर्थ लावायची सवय बदलता येते.

आमच्या घरी त्यासाठी एकच प्रश्न चालतो: "तिथे कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं?"

"त्यानं माझं चित्र खराब केलं."
"कॅमेऱ्यात काय दिसलं असतं?"
"त्याचा हात पाण्याच्या भांड्याला लागला."
"आणि मुद्दाम?"
बराच वेळ गप्प. मग, "ते नसतं दिसलं. पण तो हसला."

हे हसणं महत्त्वाचं. ते उडवून लावू नका. मग दोघांनी मिळून हसण्याची तीन कारणं शोधायची, त्यातलं एक अगदी वेड्यासारखं. तो घाबरून हसला असेल, खरंच टिंगल केली असेल किंवा त्याच्या नाकात मुंगी गेली असेल. खरं कारण कोणतं, हे आपण ठरवायचं नाही. ते मूल उद्या त्यालाच विचारेल.

एक धोका आहे. घाईनं हे केलंत तर मुलाला वाटतं, आई त्याचीच बाजू घेते. म्हणून आधी "एवढं रंगवलेलं चित्र गेलं, वाईट वाटणारच" हे म्हणा आणि मगच कॅमेरा काढा.

पायरी ३: भांडण आहे की छळ, ते ओळखा

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या आणि त्या आजही वापरल्या जातात: त्रास देण्याचा हेतू असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे फक्त अंगातलं नव्हे. मागे चार जणांचा गट असणं हेही बळच. रोज ठरवून एकटं पाडणं हाही छळच, अंगाला कुणी बोट लावलेलं नसलं तरी.

माझी स्वतःची ढोबळ खूण अशी: कट्टीत दोघंही फुरंगटून बसतात. छळात एक रडतं आणि बाकीचे हसतात. कट्टी असेल तर पुढच्या दोन पायऱ्या. छळ असेल तर थेट सहावी.

पायरी ४: शब्द तोंडात बसवा

"त्याला सांग ना" असं म्हणून भागत नाही. नेमकं काय सांगायचं, हे मुलाला ऐनवेळी सुचत नाही. छोटं वाक्य ठरवा आणि घरी चार वेळा मोठ्यानं म्हणून घ्या. "थांब, मला हे आवडलं नाही." "माझी पाळी होती, आता मला दे." तुम्ही दुसरं मूल व्हा आणि जरा आडमुठेपणा करा, म्हणजे सराव खरा होईल.

खेळात शिरणं ही याहून अवघड कला. "मी पण खेळू?" या प्रश्नाला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. त्याऐवजी मुलानं जरा वेळ कडेला उभं राहून बघावं: खेळ काय आहे, कुणाला भिडू कमी पडतोय. मग "पुढच्या डावात राज्य मी घेतो" म्हणावं. राज्य घ्यायला तयार असलेल्याला सहसा कुणी हाकलत नाही! वयानं फारच लहान असेल तर लिंबूटिंबू म्हणून शिरण्यातही कमीपणा नाही.

आउट झाल्यावर भांडणारं, रडीचा डाव खेळणारं मूल हळूहळू वगळलं जातं. त्याला हरायची सवय घरी लावा. प्रत्येक वेळी त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका.

पायरी ५: भांडण डोळ्यांसमोर पेटलं तर

दोघांना वेगळं करा आणि श्वास खाली बसू द्या. मग एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं त्याचं म्हणणं जसंच्या तसं परत सांगायचं. नंतर अदलाबदल. तोडगा त्यांनाच काढू द्या. तो तुम्हाला विचित्र वाटला तरी दोघांना मान्य असेल तर चालू द्या.

पायरी ६: छळ असेल तर मुलावर सोडू नका

"तूही एक ठेवून दे" हा सल्ला देऊ नका. मोठ्यांना बहुधा दुसरा फटकाच दिसतो आणि शिक्षा आपल्या मुलाला होते. समोरच्या पालकांना फोन नको, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर तर अजिबात नको.

वहीत लिहा: तारीख, जागा, काय झालं, कोणी पाहिलं. मग वर्गशिक्षकांना निवांत वेळ मागून भेटा आणि "तुमचं लक्षच नसतं" ऐवजी "जिन्याजवळ मधल्या सुट्टीत कोण असतं?" असं विचारा. पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच उठा. काही हललं नाही तर वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.

मुलं सांगत नाहीत, कारण आपणच "चहाड्या करू नकोस" म्हणून त्यांना गप्प केलेलं असतं. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी. कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगणं वेगळं, हे त्यांना आधीच स्पष्ट करा. जे नुसतं बघतात त्यांनाही हे शिकवण्यासारखं आहे. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बघणाऱ्यांपैकी कुणी मध्ये पडलं तेव्हा ५७ टक्के प्रसंगांत छळ १० सेकंदांच्या आत थांबला होता. अर्थात हाणामारी असेल तर मुलानं मध्ये पडू नये, मोठ्यांना बोलवावं.

पायरी ७: आणि तक्रार आपल्याच मुलाची आली तर

येते. मला चौथीच्या वर्षी आली: माझी मुलगी आणि आणखी तिघी एका नव्या मुलीला रोज "इथे जागा भरली आहे" म्हणत होत्या. पहिली ऊर्मी "माझी असं करणारच नाही" म्हणायची. ते न म्हणता "सांगितलंत ते बरं केलंत, मी बोलते तिच्याशी" एवढंच म्हणा.

मी "सॉरी म्हण" असं फर्मान काढलं नाही. फर्मानाची माफी खालमानेनं पुटपुटली जाते आणि तिथेच संपते. विचारलं, "कॅमेऱ्यात काय दिसलं असतं?" तिला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यापेक्षा लवकर आवरून बसली होती. म्हणाली, "लवकर सोड मला. जागा धरायची आहे."