रशचं 'रेक': सरांचं पत्र घेऊन मी कशी फसले

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलींची सदस्य-संघटना, रश म्हणजे त्यांच्या नवीन मुली निवडण्याच्या फेऱ्या, आणि बिड म्हणजे शेवटी येणारं सदस्यत्वाचं आमंत्रण. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मी फक्त 'रेक'बद्दल (रेकमेंडेशन, म्हणजे शिफारस) लिहिणार, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मी टेक्सासमध्ये वाढले आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्याच एका मोठ्या विद्यापीठात गेले. शिफारसपत्र म्हटलं की आमच्या घरात एकच अर्थ. बाबा म्हणाले, गणिताच्या सरांकडून घे. घेतलं. दीड पान, इतकं छान की आईने आजीला फोनवर वाचून दाखवलं. त्याच्या प्रती काढून मी प्रत्येक सोरोरिटीला पाठवल्या. काडीचा उपयोग झाला नाही.

कारण रेक म्हणजे असलं पत्रच नव्हे. त्या सोरोरिटीची माजी सदस्य स्वतः फॉर्म भरते आणि परस्पर त्यांच्याकडे पाठवते. तुमच्या हातात तो येतच नाही. शिक्षक, कोच, आईची बॉस, कुणी चालत नाही. आणि सदस्यही त्याच सोरोरिटीची हवी! काप्पा डेल्टावाली बाई काय ओमेगासाठी लिहू शकत नाही. (हो, Chi या ग्रीक अक्षराचा उच्चार 'काय'च.) नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या महासंघात अशा २६ संघटना आहेत. तुमच्या कॅम्पसवर त्यातल्या पंधरा असतील, तर बायकाही पंधरा शोधा. माझ्या रूममेटची आई, मावशी, आजी, सगळ्या सदस्य. आमच्या मराठी मंडळात काकूंना तोटा नाही, पण यातली एकही नाही.

घाबरू नका, आता दिवस बदललेत. २०२० नंतर बऱ्याच संघटनांनी रेकची सक्ती काढली. ज्यांच्या घरात कुणीच सदस्य नाही त्या मुली मागे पडतात, हे त्यांनाही उमगलं. काही सोरोरिटी तर आता रेक घेतच नाहीत. पण सक्ती नाही म्हणजे कुणी बघत नाही, असं समजून गाफील राहू नका. दक्षिणेत तर नाहीच. प्रत्येकीच्या वेबसाइटवर जाऊन नियम स्वतः वाचा, सीनियर ताईचं ऐकून सोडून देऊ नका. तिच्या वर्षीचे नियम तिच्यापाशी.

पैसे घेऊन रशची तयारी करून देणाऱ्या बायकाही भेटतील. माझ्या मते शुद्ध लूट. त्यापेक्षा आपल्या शहरात अॅलम्नी पॅनहेलेनिक (सोरोरिटींच्या माजी सदस्यांचं स्थानिक मंडळ) आहे का बघा. तिथल्या बायका अनोळखी मुलींनाही मदत करतात. रश ऑगस्टमध्ये असेल तर एप्रिलमध्येच विचारा, सोबत एक पानाचा रेझ्युमे आणि फोटो द्या. मी जुलैत धावले.

त्या धावपळीत एकच रेक मिळालं, आईच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाईंचं. त्या सोरोरिटीने मला दुसऱ्याच फेरीत वगळलं. बिड आली ती जिथे माझं एकही रेक नव्हतं तिथून. सरांचं पत्र पुढच्या वर्षी स्कॉलरशिपच्या अर्जाला जोडलं.