ओओपीसाठी पुस्तक सुचवताना या चुका टाळा

'ओओपी शिकायचंय, एखादं पुस्तक सांगा' असं कुणी म्हटलं (ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग, डेटा आणि त्यावरचा कोड एकत्र 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधायची पद्धत) की कोणीतरी हमखास 'डिझाइन पॅटर्न्स' पुढे सरकवतो. चौघा लेखकांचं, 1994 चं, 23 पॅटर्न्सचं, म्हणजे नेहमीच्या अडचणींवरच्या ठरीव रचनांचं. पुस्तक अव्वल आहे, वादच नाही. पण ही ओओपीची ओळख नव्हे, किमान एक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा बऱ्यापैकी येत असावी, हे लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलंय. प्रस्तावना वाचतो कोण!

आमच्या टीममध्ये एक पोरगा ते पुस्तक वाचून आला होता. काम साधं : नेहमीच्या गिऱ्हाइकाला बिलात सवलत, नव्याला नाही. पठ्ठ्याने अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास (नुसता साचा) काढला, फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवून देणारा कोड) काढली, वर सिंगलटन, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामात एकच ऑब्जेक्ट. मग नव्या गिऱ्हाइकांनाही अधूनमधून सवलत मिळायला लागली. सिंगलटनच्या फील्डमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची टक्केवारी तशीच पडून राहायची. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी सगळं उडवून एक मेथड आणि त्यात एक इफ ठेवला. 'पण सर, पुस्तकात तर…' हे वर ऐकावं लागलं ते वेगळंच.

दुसरी चूक म्हणजे मोठ्या भावाचं कॉलेजचं पुस्तक. सी++ चं पहिलं स्टँडर्ड 1998 मध्ये आलं, तरी टर्बो सी++ या जुन्या कंपायलरच्या काळातली 'व्हॉइड मेन'वाली पुस्तकं अजून हातोहात फिरतात. पहिला प्रोग्राम आजच्या कंपायलरवर टाकून बघा. 'आयओस्ट्रीम डॉट एच' ही जुनी फाइल सापडत नाही म्हणून तो अडला, तर पुस्तक रद्दीत.

पुस्तक हातात आलं की मी थेट इनहेरिटन्सचं, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचं सगळं वारशाने घेण्याचं, प्रकरण उघडतो. प्राणी, कुत्रा, मांजर एवढ्यावरच संपत असेल तर परत ठेवतो. इनहेरिटन्स कुठे वापरू नये, हे सांगणारं हवं. स्टॅकमध्ये फक्त वरूनच ठेवायचं-काढायचं असतं, पण जावाच्या लायब्ररीतला स्टॅक हा व्हेक्टरचा, म्हणजे कुठेही काही घालता येणाऱ्या यादीचा, वारस आहे, त्यामुळे स्टॅकच्या मधोमध खुशाल काहीही घुसवता येतं. असं एक उदाहरण शंभर कुत्र्या-मांजरांना भारी पडतं.

वीस पीडीएफची लिंक पाठवणं ही मदत नव्हे, कटकट टाळणं आहे.

जावावाल्यांना मी आधी 'हेड फर्स्ट जावा' सांगतो, 2022 ची तिसरी आवृत्ती. स्वतःचं काहीतरी लिहून ते एकदा मोडलं, की मग 'इफेक्टिव्ह जावा'. उदाहरणं हाताने टाइप करायची. 'कोड डाउनलोडला आहे का?' असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्याला मी पुढचं पुस्तक सांगत नाही.