सप्तमी बघा, मग तंबू: शापोरा नदीकाठी एका रात्रीची तयारी

कॅम्पिंगच्या तयारीला लोक तंबू आणि बॅगांपासून सुरुवात करतात. गोव्यातल्या नदीवर वल्हवत जाऊन काठावर एक रात्र काढायची असेल, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आपल्या नद्या खालच्या टप्प्यात खाड्याच आहेत. मांडवीत तर भरतीचा असर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत पोचतो. सहा तास पाणी आत येतं, सहा तास बाहेर जातं, आणि सामानाने भरलेली कायक (वल्ह्यांची अरुंद होडी) उलट्या पाण्यात रेटायची म्हणजे खांदे कामातून गेलेच.

जुन्या लोकांचा हिशोब अजूनही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच. हा अंदाज झाला, गोव्यात तासभर इकडेतिकडे होतं आणि नदीत जितकं वर जावं तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून पक्क्या वेळेसाठी मुरगावचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. पण कुठला शनिवार-रविवार धरायचा हे ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे. संध्याकाळी साडेचार-पाचला भरती लागणारा दिवस निवडा. अकराच्या सुमारास ओहोटी संपते, दुपारी चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, भरती पूर्ण व्हायच्या बेताला मुक्कामाला लागायचं. दुसरी भरती पहाटे पाच-साडेपाचला. उजाडल्यावर निघालात की उतरतं पाणी परत घेऊन येतं. वाराही याच हिशोबाने वागतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तुम्हाला नदीत आत ढकलतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तोही बाहेरच्या दिशेने. सकाळी दहा-साडेदहाच्या आत गाडीपाशी पोचलात तर वाऱ्याशी एकदाही भांडावं लागत नाही.

षष्ठी-सप्तमीचा आणखी एक फायदा आहे. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, म्हणजे चढउतार कमी, ओढ कमी. पुनवेला चांदणं छान दिसतं म्हणून लोक तीच रात्र मागतात. पण पुनवेला उधाण असतं, भरती भर दुपारी आणि मध्यरात्री लागते, आणि संध्याकाळी पोचाल तेव्हा काठ आणि तुमच्यामध्ये गुडघाभर चिखल पसरलेला असतो. चांदणं हवंच असेल तर शुक्ल सप्तमी घ्या, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. काळोखात तारे बघायचे असतील तर कृष्ण सप्तमी. चंद्र उगवेपर्यंत तुम्ही घोरत असाल.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडाटी पाऊस येतो, मार्चपासून दुपारचं ऊन सोसत नाही. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सोडूनच द्या. भाडी दुप्पट हे एक कारण. दुसरं म्हणजे पाण्यावरून आवाज फार लांब येतो, आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्या ऐकायला नदीत जायची गरज नाही.

जागा कुठली? लोक आधी कुंभारजुव्याचा कालवा किंवा चोडण बेट म्हणतात, कारण फोटो तिथलेच पाहिलेले असतात. दोन्ही ठिकाणं सकाळच्या फेरीसाठी उत्तम आहेत, मुक्कामासाठी नाहीत. कुंभारजुव्यात मगरी आहेत, आणि चोडणच्या टोकाचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, तिथे फिरायलाही वनखात्याची परवानगी लागते. सत्तरी तालुक्यात म्हादईच्या, म्हणजे वरच्या टप्प्यातल्या मांडवीच्या काठचं जंगल मोहात पाडतं. पण अभयारण्याच्या हद्दीत तंबू ठोकता येत नाही, आणि २०१५ पासून त्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर नेमका कोरड्या महिन्यांत, म्हणजे आपल्या हंगामात असतो. माझं मत विचाराल तर उत्तर गोव्यातली शापोरा नदी धरा. शिवोली पुलाच्या खालचा भाग किनाऱ्याच्या गोंगाटाला लागून आहे, तो नको. कामुर्लीच्या बाजूने पाण्यात उतरून कोलवाळच्या पुलांपलीकडे, रेवोडे-नादोड्याच्या दिशेने वर जा. कोकण रेल्वेचा पूल बराच मागे पडेपर्यंत थांबू नका, नाहीतर रात्रभर मालगाड्या मोजत बसाल. नवख्यांच्या जोडीला ताशी तीन-साडेतीन किलोमीटर वेग धरा. आठ-दहा किलोमीटरचा पल्ला पुष्कळ झाला.

आता कायकवाले. अमेरिकेत मिनेसोटाच्या बाउंड्री वॉटर्समध्ये हजारावर तळी आहेत, बहुतेक ठिकाणी मोटरबोटींना बंदी आहे, आणि तिथले आउटफिटर, म्हणजे सामान भाड्याने देणारे, कॅनू, तंबू, शिधा, नकाशा, परवाना सगळं एकगठ्ठा हातात देतात. आपल्याकडे मुख्यत्वे मिळतं ते दोन तासांच्या फेरीचं पॅकेज. त्यामुळे कोण काय आणणार हे फोनवर बोलून, मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पहिला प्रश्न असा विचारा: रात्रीच्या मुक्कामाला वाटाड्या आमच्याबरोबर राहणार, की कायक देऊन घरी जाणार? दुसरा, पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, विमा आहे का. वाटाड्याने राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं जीवरक्षक प्रशिक्षण घेतलेलं असेल तर उत्तम; ही संस्था गोव्यातच आहे. तिसरा, जादा वल्हं देता का. दर गटामागे एक जादा वल्हं हवंच, कारण हातातून सुटलेलं वल्हं पाण्याबरोबर निघून जातं आणि एका वल्ह्याची दोनजणी कायक म्हणजे गोल फिरणारी परात. चौथा, पाणी चढलं, कोणी आजारी पडलं, तर न्यायला यंत्राची होडी किती वेळात येईल आणि कुठल्या धक्क्यावर. या प्रश्नावर जो हसून "काय होत नाही हो" म्हणतो, त्याच्याकडे आगाऊ पैसे भरू नका.

पैसे भरण्याआधी एकदा जाऊन वस्तू बघा. जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. तुटलेले क्लिप गाठ मारून चालवलेले असतात, तेही बघा. कायकच्या बुडाला झिजून पांढरे पट्टे पडलेले चालतात, चीर चालत नाही. वरून बसायच्या कायकला पाणी निचऱ्याची भोकं असतात, म्हणजे बूड ओलं होणार हे धरूनच चाला. वजनाची मर्यादा कायकवर छापलेली असते. माणसं, पाणी आणि सामान मिळून तिच्या पाऊणपटीच्या आत राहा.

मुक्कामाची जागा कोणाच्या तरी मालकीची असते, हे शहरातून येणाऱ्यांना सुचत नाही. नदीकाठच्या माडांच्या भाटाला, म्हणजे बागेला, भाटकार (मालक) असतो, बरेचदा मुंडकारही (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) असतो, आणि दोघांनाही विचारायचं. आठवडाभर आधी दिवसाउजेडी जाऊन भेटा, किती जण, किती वाजता, आग पेटवणार नाही, कचरा नेणार, हे सांगा. बोलता बोलता दोन गोष्टी काढून घ्या. या भागात रात्री रेती उपसणाऱ्या होड्या चालतात का? चालत असतील तर जागा बदला. झोप नाही मिळत, आणि नदीच्या तळाला अचानक खोल खड्डे झालेले असतात. मगर कोणी पाहिली आहे का? याचं उत्तर नदीवर रोज जाळी टाकणाऱ्याकडूनच घ्यायचं. परवानगी मिळाली की पंचायतीत आणि जवळच्या पोलीस चौकीत कळवून ठेवा. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू यांना गोव्यात कायद्याने बंदी आहे. खाजगी भाटातली रीतसर परवानगी असली की तिथली चौकशी लवकर मिटते.

तंबू माडाखाली लावू नका. सावली बघून सगळे तिथेच जातात, पण नारळ रात्रीच पडायचं का ठरवतात कोण जाणे, आणि सुकलेलं चुडत (माडाची झावळी) वाऱ्याशिवायही सुटतं. पाडेली (नारळ पाडणारा) नुकताच येऊन गेला आहे का, हे भाटकाराला विचारलं तरी चालेल, पण दोन माडांच्या मधली मोकळी जागा केव्हाही बरी. काठावर सुकी पानं, काटक्या, प्लास्टिक यांची एक रेघ दिसते. ती उधाणाच्या पाण्याची खूण. तंबू तिच्या वर. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध सपाट दिसतो म्हणून त्यावर खुंट्या ठोकायचा मोह होईल, तोही आवरा. चिखल, पेंढा आणि चिऱ्यांनी रचलेला तो बांध शेतातल्या लोकांनी खारं पाणी रोखायला राखलेला असतो, आणि खेकड्यांची बिळं आधीच त्याला पोखरत असतात.

बांधावरून जाताना मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दिसेल. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी जोराने बाहेर टाकतात. बघायला थांबा, पण काठावर उतरून थांबा. उतरत्या पाण्यात मानशीच्या तोंडासमोर कायक आडवी झाली की ती उलटायला क्षण पुरतो. तसंच खांब रोवून लावलेल्या जाळ्यांचं. दुरूनच वळसा घालायचा आणि जाळ्याला वल्हं लावायचं नाही.

सामानात पहिला क्रमांक पाण्याचा. नदीचं पाणी खारट, उकळून काही उपयोग नाही. माणशी पाच लिटर घरून न्यायचं. हे सगळ्यात जड, म्हणून बैठकीला लागून, मधोमध आणि खाली. पायात जुने, बंद, लेसचे बूट. चपला चिखल ओढून घेतो आणि खारफुटीच्या मुळांवर चिकटलेली कालवं अनवाणी पाय ब्लेडसारखी कापतात. थंडीत दव इतकं पडतं की तंबूच्या कापडातून थेंब गळतात, म्हणून वरचं आच्छादन आणि खाली ताडपत्री हवीच. महागड्या जलरोधक बॅगा नसतील तर झाकणाचे रिकामे रंगाचे डबे घ्या, तोंडाला प्लास्टिक लावून झाकण ठोकायचं. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला वेगळी. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली. फोन वॉटरप्रूफ पाकिटात, पॉवरबँक डब्यात, नकाशा आधीच डाऊनलोड केलेला. टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम, एक कोरडा कपड्यांचा जोड जो रात्रीशिवाय काढायचा नाही. स्पीकर घरी.

जेवण साधं ठेवा. संध्याकाळच्या पोई (गोव्याचा पाव), घरून केलेली सुक्या चवळीची उसळ, उकडलेली अंडी. सकाळी छोट्या गॅसवर पेज आणि लोणचं. खरकटं आणि सुकी मासळी तंबूत ठेवू नका, कोल्हा, भटकी कुत्री आणि मुंग्या तिघेही येतात. भांडी काठावर बसून घासायची नाहीत, बादलीने पाणी वर आणून घासा. काळोख पडल्यावर पाण्यात पाय सोडून बसणंही नको. दारू पिऊन नदीत उतरणाऱ्याला बरोबर नेऊच नका, मग तो कितीही जवळचा असो. शौचासाठी भाटकाराच्या घरी सोय होत असेल तर विचारा. नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा, वर माती, कागद पिशवीत भरून परत.

सकाळी लवकर उठलात तर पाणमांजरं दिसायची शक्यता आहे. बांधावर माशांच्या खवल्यांनी भरलेली त्यांची विष्ठा आदल्या संध्याकाळीच शोधून ठेवा, ती जिथे आहे तिथे पाणमांजरं परत येतात. वल्हं कायकच्या कडेला आपटलं की खंड्या आणि बगळे आधीच उडतात, म्हणून पहिला तासभर वल्हं उभं न धरता आडवं, हलकं चालवा. दुर्बीण गळ्यात, बॅगेत नको.

औषधांत नेहमीचं सगळं, वर जंतुनाशक, पट्ट्या आणि ओआरएस. साप चावल्यास बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन आणि म्हापशाचं जिल्हा रुग्णालय. त्यासाठी मुक्कामापासून गाडी येऊ शकेल असा सर्वात जवळचा रस्ता कुठला, हे भाटकाराला भेटाल तेव्हाच पायी चालून बघा.

निघायच्या आदल्या दिवशी कायकवाल्याला फोन करून वेळ, संख्या आणि जादा वल्हं पुन्हा पक्कं करा. घरी एका कागदावर लिहून ठेवा: कुठून उतरलो, कुठे मुक्काम, भाटकाराचा आणि वाटाड्याचा नंबर, गाडी कुठे लावली. खाली एक वेळ लिहा, दुपारी बारा. तोपर्यंत आपला फोन आला नाही तर आधी वाटाड्याला, मग भाटकाराला, आणि साडेबाराला ११२ ला फोन करायचा, हे घरच्यांकडून एकदा वदवून घ्या.