इनलाइन की बर्फावरची हॉकी : मराठवाड्यातून गोलरक्षकाचे प्रशिक्षण कसे शोधावे

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत स्केटिंगचे वर्ग आता नवलाईचे राहिलेले नाहीत. शाळेच्या बास्केटबॉल मैदानावर किंवा एखाद्या मोकळ्या सिमेंटच्या चौथऱ्यावर संध्याकाळी मुले फेऱ्या मारतात. त्यांतील काही वर्गांत एखाद्या दिवशी हॉकीच्या स्टिक बाहेर निघतात, दोन संघ पडतात आणि वेगात जो मागे राहतो त्याला बहुधा गोलमध्ये उभे केले जाते. अशा रीतीने गोलरक्षक झालेल्या मुलाला किंवा मुलीला त्या जागेची खरोखरच गोडी लागली, तर पुढचे शिक्षण कोठे शोधावे, ते इनलाइनचे घ्यावे की बर्फावरच्या हॉकीचे, आणि एकाचा दुसऱ्याला किती उपयोग होईल, हे प्रश्न पालकांपुढे उभे राहतात.

सर्वप्रथम आपल्या वर्गात कोणता खेळ चालतो, हे सरांना स्पष्ट विचारून घ्यावे, कारण ‘स्केटिंग हॉकी’ या एकाच नावाखाली दोन वेगळे खेळ शिकवले जातात. चार चाके दोन-दोनच्या जोडीने असलेल्या क्वाड स्केटवर चेंडूने खेळली जाते ती रोलर हॉकी. तिचा गोल १.७० मीटर रुंद आणि १.०५ मीटर उंच, म्हणजे लहान असतो, आणि तिचा गोलरक्षक जवळजवळ उकिडवा बसून खेळतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली ती हीच हॉकी. एका रांगेत चाके असलेल्या स्केटवर प्लास्टिकच्या पकने, म्हणजे चपट्या चकतीने, खेळली जाते ती इनलाइन हॉकी. बर्फावरच्या हॉकीशी नाते आहे ते या दुसरीचे. रोलर हॉकीत मुरलेले प्रशिक्षक उत्तम असू शकतात, परंतु त्यांनी शिकवलेली बैठक बर्फावरच्या हॉकीच्या मापाच्या, ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच गोलात उपयोगी पडत नाही. वरचे दोन्ही कोपरे उघडे पडतात. त्यामुळे इनलाइनचा गोलरक्षक घडवायचा असेल, तर वर्षभर उकिडवे बसण्याची सवय लागू देऊ नये.

इनलाइन आणि बर्फ या दोहोंसाठी लागणाऱ्या गोलरक्षणाचे दोन भाग पाडून पाहिले, तर शोध बराच सोपा होतो. पहिला भाग डोळे, हात आणि जागा यांचा : पकवर नजर टिकवणे, पक मारणाऱ्याच्या समोर योग्य कोनात उभे राहणे, गोलमधून किती पुढे यायचे ते ठरवणे, अडवलेला पक समोर पडू न देता कडेला ढकलणे. हा भाग दोन्ही खेळांत जवळपास सारखाच आहे आणि तो घरापासून चार पावलांवरही शिकता येतो. दुसरा भाग पायांचा आहे, आणि तो पूर्णपणे पृष्ठभागावर अवलंबून असतो. बर्फावर स्केटच्या पात्याची आतली धार रुतवून गोलरक्षक एका ढकलीत गोलच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत जातो आणि धारेवरच थांबतो. गुडघे टेकून दोन्ही पॅड जमिनीवर पसरण्याची जी बटरफ्लाय पद्धत आहे, तिच्यात तो पॅडवरून घसरतही जातो. चाकांना ही सोय नाही. चाक फक्त आपल्या दिशेने फिरते, आडवे घासत नाही; म्हणून थांबण्यासाठी पाय वळवावा किंवा उचलून ठेवावा लागतो, आणि पॅड सिमेंटला चिकटून बसतो.

खेळाच्या रचनेचाही फरक आहे. बर्फावर गोलरक्षकासह सहा जण उतरतात, इनलाइनमध्ये पाच. इनलाइनच्या बहुतेक नियमावल्यांत ऑफसाइड नाही आणि अंगावर धडक देण्याची परवानगी नाही, त्यामुळे मोकळी जागा जास्त मिळते, दोघांनी एकट्या बचावपटूवर चाल करून जाण्याचे प्रसंग वरचेवर येतात आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला दिलेला आडवा पास हाच गोलरक्षकाचा खरा शत्रू ठरतो. बर्फावरचा पक कडक रबराचा, १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा, आणि उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवलेला असतो. इनलाइनचा पक प्लास्टिकचा, हलका, दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे असलेला असतो. खडबडीत जमिनीवर तो उभा राहतो, लटपटतो, आणि अशा लटपटत्या पकचा अंदाज सरळ येणाऱ्या पकपेक्षा अवघड जातो. चाकांवर शिकलेले गोलरक्षक म्हणूनच जास्त वेळ पायांवर उभे राहतात आणि उशिरा खाली जातात. माझ्या मते हा संयम पुढे बर्फावरही भांडवलासारखा उपयोगी पडतो, तर बर्फावरून चाकांवर आलेल्या मुलाला लवकर गुडघे टेकण्याची सवय मोडणे जड जाते.

कोनांचा अभ्यास दोऱ्यांनी करावा. त्यासाठी रिंकही, म्हणजे स्केटिंगचे खास मैदानही, लागत नाही. ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच अशी गोलची चौकट भिंतीवर खडूने आखावी किंवा बांबूची उभी करावी, दोन्ही खांबांच्या पायथ्याला एकेक दोरी बांधावी आणि दोन्ही दोऱ्यांची टोके समोर ३० फुटांवर पक ठेवून त्यापाशी जुळवावीत. त्या दोन दोऱ्यांच्या मधला त्रिकोण म्हणजे पकला दिसणारा गोल. गोलरक्षक रेषेवरच उभा राहिला तर त्याला पूर्ण ६ फूट झाकावे लागतात; तो ६ फूट पुढे आला, तर दोऱ्यांमधले अंतर ४.८ फूट उरते, आणि जमिनीवरून निघालेला पक आडव्या बारखालून जाण्यासाठी त्या जागी ३.२ फुटांच्या खालूनच जावा लागतो. हे अंतर टेपने मोजून मुलाला दाखवावे, कारण डोळ्यांनी पाहिलेले त्याला पटकन पटते. त्यानंतर पक उजवीकडे, डावीकडे, १२ फुटांवर, कोपऱ्याजवळ असा हलवत जावा आणि प्रत्येक वेळी गोलरक्षकाने दोऱ्यांच्या बरोबर मध्ये येऊन उभे राहावे. एवढे जमले, की त्याला पुढे येण्याची किंमतही दाखवून द्यावी : ६ फूट पुढे असताना आडवा पास झाला, तर परत दुसऱ्या खांबापर्यंत पोहोचण्याचे अंतर वाढलेले असते. बर्फावर हे अंतर एका घसरणीत कापता येते, चाकांवर येत नाही, म्हणून इनलाइनमध्ये समोर एकटा प्रतिस्पर्धी असेल तेव्हाच इतके पुढे यावे आणि पासला दुसरा मोकळा असेल तेव्हा रेषेच्या जवळ राहावे. जो प्रशिक्षक हा भेद समजावून सांगतो, तो गोलरक्षकाला शिकवू शकतो असे धरून चालण्यास हरकत नाही.

वर्ग निवडताना पालकांनी एक संपूर्ण सराव बाजूला उभे राहून पाहावा. तासाभरात गोलरक्षकाशी कोणी बोलते का, की इतरांच्या नेमबाजीसाठी तो फक्त निशाण म्हणून उभा असतो, हे त्यात लगेच कळते. लागोपाठ तिघाचौघांनी एकाच वेळी पक मारले, गोलरक्षकाला सावरण्यास वेळच दिला नाही, तर तो सराव त्याच्यासाठी नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे फक्त गोलरक्षकासाठी राखून ठेवाल का, असे सरांना मोकळेपणाने विचारावे. बहुतेक सर याला नाही म्हणत नाहीत, आजवर कोणी विचारलेले नसते इतकेच. हातांसाठी शेजारच्या खेळांची मदत घ्यावी. हँडबॉल, फुटबॉल आणि मैदानी हॉकी यांचे गोलरक्षक घडवणारे शिक्षक जिल्हा क्रीडा संकुलात किंवा महाविद्यालयांत भेटतात, संभाजीनगरला तर विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्रही आहे. भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून एका हाताने झेलणे, पाठमोरे उभे राहून हाकेसरशी वळून चेंडू अडवणे, असे सराव त्यांच्याकडून घेण्यासारखे आहेत. मात्र मैदानी हॉकीत गोलरक्षक पायाने लाथाडून चेंडू दूर करतो, ती लकब स्केटवर आणू नये.

जवळपास गोलरक्षणाचा जाणकार अजिबात नसेल, तर पुण्या-मुंबईकडील एखाद्या इनलाइन क्लबशी संधान बांधावे आणि सुट्टीत तेथे काही दिवस सराव करून उरलेले वर्ष मोबाइलवरील चित्रफितींच्या आधारे मार्गदर्शन घ्यावे. चित्रण गोलच्या मागून, जाळीच्या वरच्या उंचीवरून करावे. समोरून काढलेल्या चित्रफितीत अडवलेले पक छान दिसतात, पण कोन चुकला की नाही ते कळत नाही. दोन-तीन मिनिटांची, न कापलेली फीत पाठवावी. निवडक बचाव जोडून पाठवलेल्या फितीवरून कोणालाही काही शिकवता येत नाही.

साधनांबाबत काटकसर कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. पायांचे पॅड, छातीचे कवच, ब्लॉकर (स्टिक धरलेल्या हातावरचे चपटे कवच) आणि झेलण्याचा हातमोजा जुने चालतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी ते क्लबने मिळून घेतलेले बरे. क्रिकेटचे हेल्मेट मात्र कदापि वापरू नये. त्याची जाळी सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू अडवण्यासाठी बनवलेली असते आणि पकची जाडी अवघी २.५४ सेंटिमीटर असते. कडेच्या बाजूने आलेला पक त्या फटीतून थेट डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. गोलरक्षकाचे हेल्मेट, गळ्याचे कवच आणि जांघेचे कवच या तीन गोष्टी आल्याशिवाय पकने सराव सुरू करू नये, तोपर्यंत टेनिसचा चेंडू पुरेसा आहे. खडबडीत सिमेंटवर पॅडचे गुडघ्याजवळचे शिवण लवकर फाटते, म्हणून तेथे जाड रेक्झिनचे अस्तर लावून घ्यावे. चाकांची निवडही महत्त्वाची आहे : मऊ चाकांना पकड अधिक मिळते, पण सिमेंटवर ती लवकर झिजतात, गोलरक्षकाला वेगापेक्षा पकड हवी असल्याने आक्रमक खेळाडूंची कडक चाके त्याच्या स्केटला बसवू नयेत.

सिमेंटवर बटरफ्लायचा सराव मोजकाच ठेवावा. पॅड जमिनीला धरून राहिला आणि शरीर पुढे गेले, की सगळा पीळ गुडघ्यावर आणि खुब्यावर येतो. हॉकीच्या गोलरक्षकांमध्ये खुब्याच्या सांध्याची दुखणी जगभर आढळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून एका सत्रात शंभर वेळा गुडघे टेकवून घेणाऱ्या वर्गातून त्याला काढून घ्यावे, मग ते सर इतर बाबतींत कितीही नावाजलेले असोत.

आपल्याकडील हवामानाचा विचार केल्याशिवाय वर्षाचे वेळापत्रक आखता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या पुढे असतो आणि सिमेंट सूर्यास्तानंतरही बराच वेळ धग सोडत राहते. छातीच्या कवचात आणि जाड पॅडमध्ये मुलाच्या अंगाचे पाणी पाणी होते, तेव्हा या दिवसांत सराव पहाटेच ठेवावा, मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे आणि पूर्ण साधनांसह अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे करू नये. पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर स्केट घालणे धोक्याचे असते. ते महिने सभागृहातील पायांच्या आणि हातांच्या व्यायामासाठी ठेवावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि नेमकी तेथेच इनलाइन व बर्फ यांची टक्कर होते, कारण लडाखमधील नैसर्गिक बर्फाचा हंगामही साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी असाच असतो आणि स्केटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा अलीकडच्या वर्षांत बहुधा डिसेंबरच्या सुमारास झाल्या आहेत. दोन्ही खेळांच्या संघटना वेगळ्या आहेत : इनलाइनचा कारभार जिल्हा आणि राज्य संघटनांमार्फत भारतीय रोलर स्केटिंग महासंघाकडे जातो, तर बर्फावरची हॉकी भारतीय आइस हॉकी संघटना पाहते, जी १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. एकीकडची नोंदणी दुसरीकडे चालत नाही. तेव्हा मराठवाड्यातील मुलाने निदान दोन-तीन वर्षे इनलाइन हाच मुख्य खेळ धरावा आणि बर्फ हे सुट्टीतील शिबिरापुरते ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बर्फासाठी पर्याय थोडे आहेत. लेहमधील एनडीएस मैदानाच्या रिंकवर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमधील आइस हॉकी खेळली गेली आहे, आणि लडाखमध्ये हा खेळ गावोगावी गोठलेल्या तळ्यांवर चालतो. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवणारा भारतीय महिला संघ प्रामुख्याने तेथील आणि हिमाचलमधील स्पितीच्या मुलींनी घडवलेला आहे. देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारलेली हिमाद्री ही बंदिस्त रिंक अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नांदेड, परभणी, जालना आणि संभाजीनगरकरांना सचखंड एक्सप्रेसने थेट दिल्ली गाठता येते आणि तेथून पुढे देहरादूनला जाणे हिवाळ्यात लेहला जाण्यापेक्षा पुष्कळ सोपे व स्वस्त पडते, म्हणून बर्फाची पहिली ओळख तेथे करून घ्यावी. निघण्यापूर्वी रिंक त्या आठवड्यात सरावासाठी खुली आहे ना, याची फोनवर खात्री करावी. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीसाठी राखावे लागतात आणि शिबिराचे दिवस त्यानंतर मोजावे लागतात.

बर्फावरील पहिल्या शिबिरात पक अडवण्याची घाई करू नये. धारेवर थांबणे, एका ढकलीत खांब गाठणे आणि पॅडवर घसरून पुन्हा उठणे या तीनच गोष्टींसाठी वेळ मागून घ्यावा, कारण बाकी सर्व घरी होण्यासारखे आहे. आपले हेल्मेट आणि गळ्याचे कवच सोबत न्यावे, पॅड व बर्फाचे स्केट तेथे आपल्या मापाचे मिळतील का ते आधी कळवून ठेवावे. परत आल्यावर आठवडाभर मुलाकडून फक्त उभ्याने सराव करून घ्यावा. बर्फावर लागलेली घसरण्याची सवय घेऊन तो थेट सिमेंटवर गुडघे टेकू लागला, तर पॅड जागीच अडकतो आणि गुडघा दुखावतो.