फोबियावर संमोहन: अवघड भाग तंद्रीचा नाहीच

पाल पाहून किंचाळणं म्हणजे फोबिया नव्हे. पाल दिसली म्हणून आठवडाभर त्या खोलीत पाऊल न टाकणं, हा फोबिया. धोक्याच्या मानाने अवाजवी, रोजच्या जगण्याच्या आड येणारी आणि साधारण सहा महिने तरी टिकलेली भीती, असं निदान करताना पाहतात. उंची, बंद जागा, कुत्रा, विमान, इंजेक्शन ही त्यातली नेहमीची मंडळी. या भीतीला खतपाणी घालते ती टाळाटाळ. लिफ्ट सोडून जिना धरला की हायसं वाटतं आणि मेंदू समजतो, जिन्याने चढलो म्हणूनच वाचलो.

निदान आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्या. भास किंवा भ्रम होत असतील तर संमोहनाच्या वाटेला जाऊ नका.

संमोहनाची तंद्री लावणं सोपं. टेकून बसा, उच्छ्वास लांबवा, पायापासून वर एकेक स्नायू सैल सोडा, दहापासून उलटे आकडे मोजा. बाहेरचे आवाज ऐकू येतात, नंतर सगळं आठवतंही. म्हणजे काही बिघडलेलं नसतं. हिप्नॉटिझम हा शब्द रूढ करणारे जेम्स ब्रेड यांनाही पुढे झोपेशी जोडलेलं ते नाव खटकू लागलं होतं.

खरी कसोटी शिडीची. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्प यांनी मांडलेली ही कल्पना: भीतीचे प्रसंग चढत्या क्रमाने लिहायचे, प्रत्येकाला भीतीचा 0 ते 100 मधला आकडा द्यायचा आणि शांत अवस्थेत खालून वर कल्पनेत अनुभवायचे. ऐकायला सरळ वाटतं. माझी सुरुवातीची कित्येक सत्रं इथेच वाया गेली.

लिफ्टला घाबरणारी एक बाई तंद्रीत विसाव्या मजल्यापर्यंत हसतमुखाने जाऊन आली. मी खूश. प्रत्यक्षात ती लिफ्टच्या दारातच थिजली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिला वर जाण्याची भीती नव्हतीच. दाराची फट चार बोटांवर येते, मग 'धप्प' होतं आणि वरचा पंखा एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागतो, तो क्षण तिला सोसत नव्हता. आमच्या शिडीवर तो नव्हताच! म्हणून पायरी लिहिताना 'लिफ्टमध्ये बसणे' असं मोघम लिहू नका. काय दिसतं, काय ऐकू येतं, हात कुठे असतो, ते लिहा.

दुसरी चूक याहून वाईट. जरा धडधडलं की मी लगेच 'आता समुद्रकिनाऱ्यावर या' म्हणायचे. वोल्प यांच्या पद्धतीतही अस्वस्थता वाढली की दृश्य थांबवत. पण मी तर नुसती पळवाट शिकवत होते. आता मी त्याच दृश्यात थांबवते. आकडा 60 असेल तर 30 वर येईपर्यंत पुढची पायरी नाही, मग सगळं सत्र त्यातच गेलं तरी चालेल. 'एका बैठकीत कायमची भीती गायब' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. 'मूळ कारण' शोधायला बालपणात नेणाऱ्यांनाही. तिथे न घडलेल्या आठवणी सहज तयार होतात.

रक्त किंवा इंजेक्शनच्या भीतीत मात्र अंग सैल सोडू नका. इथे रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो, म्हणून माणूस चक्कर येऊन पडतो. हातापायांचे आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद आवळा, चेहरा गरम झाला की सोडा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाच वेळा.

कल्पनेत जमलेली पायरी दोन-तीन दिवसांत प्रत्यक्षात उतरवा. फोबियावर सर्वांत भक्कम पुरावा भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याच्या उपचाराचाच आहे; संमोहन त्याच्या मदतीला. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये उभं राहून दार नुसतं बंद करा, उघडा. मजल्याचं बटण दाबायचं नाही.