आधी 'कुऱ्हाड' लिहून बघा, मग सॉफ्टवेअर घ्या

मालिकेचे संवाद लिहायला लागून जेमतेम तिसरा महिना होता. सकाळी सातच्या शिफ्टला सेटवरून फोन आला, "ताई, तुमच्या सीनमध्ये नुसते चौकोन आलेत." रात्री दोनला पीडीएफ पाठवलेली, उघडून कोण बघतंय! लिहिताना अक्षरं नीट दिसत होती, कारण कुरियर फॉन्टमध्ये देवनागरी नसली की कंप्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट उसना घेतो. पीडीएफ काढताना तो घेईलच असं नाही.

तेव्हापासून पटकथा लिहायचं कुठलंही सॉफ्टवेअर आलं की त्याच्या ट्रायलमध्ये मी आधी हे वाक्य टाकते: "दुसऱ्या दिवशी सूर्या कुऱ्हाड घेऊन ॲम्ब्युलन्समागे धावला." पीडीएफ काढायची, फोनवर उघडायची. ऱ्या, ऱ्हा, रफार आणि ॲ शाबूत असले, वेलांट्यांचे शेंडे कापले गेले नसले, तर पुढचं बोलू. फॉन्ट मी मुक्ता ठेवते.

पैसे घालवायचे नसतील तर फाउंटन शिका. ते सॉफ्टवेअर नाही, साध्या टेक्स्टमध्ये पटकथा लिहायची पद्धत आहे. नोटपॅडमध्येही चालते, लोकलमध्ये फोनवरसुद्धा. मॅक असेल तर बीट हे फुकट ॲप फाउंटनवरच चालतं. एक मेख आहे. पात्राचं नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये असलं की फाउंटनला कळतं, आपल्याकडे कॅपिटल आहेत कुठे? म्हणून नावाआधी @ टाकायचं आणि सीनच्या मथळ्याआधी टिंब:

.आत. स्वयंपाकघर - रात्र

सुमन ओटा पुसतेय. दार वाजतं.

@सुमन
(न वळता)
जेवून आलायस ना?

बीटसारख्या ॲपमध्ये उघडलं की कंसातली सूचना, संवाद, सगळं आपोआप जागेवर बसतं. नाव आणि संवाद यांच्यामध्ये मात्र रिकामी ओळ सोडू नका, नाहीतर संवाद वर्णनात जातो.

जोडीनं लिहीत असाल तर रायटरड्युएट बघा, ब्राउझरमध्ये दोघांना एकाच पानावर काम करता येतं. 'फायनल ड्राफ्ट' या विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल कुणी मागितलीच तर बीटमधून ती, म्हणजे एफडीएक्स, काढून देता येते. नुसतं नाव मोठं म्हणून फायनल ड्राफ्ट विकत घेऊ नका.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब 12 पॉइंट कुरियरमधल्या इंग्रजी पानाचा. मुक्तात तो लागू नाही. मी स्टॉपवॉच लावून सीन मोठ्यानं वाचते. घरचे आता विचारतही नाहीत.

आणि काही दिग्दर्शकांना डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद असं दोन रकान्यांचं स्क्रिप्टच लागतं. त्यांच्यासाठी सरळ वर्डमध्ये टेबल आखा, त्याला पटकथेचं सॉफ्टवेअर लागत नाही.