थंड होणाऱ्या धातूच्या गणितावर चालणारा सिंथेसायझर कसा बांधावा

तापलेली सळई उघड्यावर ठेवली की तिचे तापमान आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत उतरते. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानांत जेवढा फरक, त्या प्रमाणात उतरण्याचा वेग, हा नियम न्यूटनने १७०१ मध्ये मांडला. सिंथेसायझरमध्ये स्वर विरताना बहुधा हाच वक्र वापरलेला असतो. त्यामुळे थंड होण्याचे गणित फक्त आवाजाच्या पातळीला लावले, तर तयार होणारे वाद्य इतर कोणत्याही वाद्यासारखेच वाजते. माझी पहिली आवृत्ती नेमकी अशीच फसली. खरी गंमत सळईचे सरासरी तापमान उतरण्यात नसून तिच्या आतली उष्णता कशी पसरते यात आहे.

ते गणित फ्रेंच गणितज्ञ फूरिएने १८२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सळईची दोन्ही टोके थंड धरून ठेवली आहेत असे मानले, तर तिच्यावरील तापमानाचे कोणतेही वाटप साइन लहरींच्या बेरजेने मांडता येते आणि त्यांतील प्रत्येक लहर स्वतंत्रपणे विरत जाते. मात्र दुसरी लहर पहिलीच्या चौपट, तिसरी नऊपट आणि आठवी चौसष्टपट वेगाने विरते. उष्णतेच्या वहनात दोलन नसते, त्यामुळे त्यातून आवाज आपोआप निघणार नाही हे उघड आहे. आपण एवढेच करायचे, की प्रत्येक लहरीला एक हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या तितक्या पट वारंवारतेचा स्वर, जोडून द्यायचा आणि त्याची पातळी त्या लहरीच्या उंचीवरून ठरवायची.

त्यासाठी प्रत्येक स्वरामागे सोळा संख्यांचा एक अ‍ॅरे (क्रमवार यादी) आणि सोळा साइन ऑसिलेटर, म्हणजे साइन लहरीचा आवाज काढणारे घटक, पुरेसे आहेत. सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाच्या सॅम्पलांची (नमुन्यांची) संख्या, ४४,१०० धरून दर ६४ सॅम्पलांच्या ब्लॉकनंतर प्रत्येक संख्येला तिच्या ठरलेल्या गुणकाने गुणावे. पहिल्या लहरीचा कालांक, म्हणजे तिची उंची मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा वेळ, चार सेकंद ठेवला तर तिचा गुणक ०.९९९६३७ येतो आणि आठव्या लहरीचा ०.९७७०५. आठव्या लहरीचा कालांक अवघा ६२.५ मिलिसेकंद असल्यामुळे आघाताचा कर्कशपणा क्षणात ओसरतो आणि मागे एकच शांत स्वर बराच वेळ रेंगाळतो. दोन ब्लॉकांच्या दरम्यान पातळी एकदम न बदलता सरकत न्यावी, नाहीतर बारीक खरखर ऐकू येते. मूळ स्वर १,३७८ हर्ट्झच्या वर गेला की सोळावा हार्मोनिक सॅम्पल रेटच्या निम्मी, म्हणजे २२,०५० हर्ट्झची मर्यादा ओलांडतो. अशा वेळी मर्यादेबाहेरचे हार्मोनिक वाजवूच नयेत.

आता आघात. कळ दाबणे म्हणजे सळईवर एका ठिकाणी उष्णता ओतणे. ते ठिकाण ० ते १ या पट्टीवर मोजले, तर त्या स्थानाला पायने (π) आणि लहरीच्या क्रमांकाने गुणून त्याची साइन काढावी, तिला आघाताच्या जोराने गुणावे आणि येणारी संख्या अ‍ॅरेमधील त्या क्रमांकाच्या संख्येत मिळवावी. मिळवावी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण नेहमीचे एन्व्हलप (स्वराच्या चढउताराचा आराखडा) प्रत्येक आघाताला नव्याने सुरू होते, तर इथे आधीची उष्णता शिल्लक असते आणि नवा आघात तिच्यावर चढतो. पहिला आघात ०.२५ वर आणि लगेच दुसरा तेवढ्याच जोराने ०.७५ वर केला, तर दुसऱ्या हार्मोनिकच्या दोन संख्या एकमेकींना जवळजवळ रद्द करतात आणि तो आवाजातून गायब होतो. अगदी मध्यावर आघात केल्यास सगळे सम हार्मोनिक शून्य होऊन क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांसारखा पोकळ आवाज मिळतो. बांधणी बरोबर झाली आहे की नाही, हे तपासण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग आहे.

मऊ आघातासाठी उष्णता एका बिंदूत न ओतता थोड्या पट्ट्यात पसरावी. हे गणित मांडू लागल्यावर लक्षात येते, की सळईच्या लांबीच्या ०.०५ एवढ्या प्रमाण विचलनाचा पसारा म्हणजे वरच्या कालांकाने मोजल्यास ४९ मिलिसेकंद आधी झालेला टोकदार आघातच होय. म्हणून मऊपणासाठी वेगळे सूत्र लिहिण्याची गरज नाही. नव्या संख्या अ‍ॅरेमध्ये मिळवण्याआधी तेवढ्या वेळापुरत्या विरवून घेतल्या की काम भागते.

स्वराची उंची सरासरी तापमानाला बांधावी आणि त्यासाठी साठलेल्या उष्णतेची एक वेगळी संख्या ठेवावी. धातू तापला की त्याचा ताठपणा घटतो. पोलादी ट्यूनिंग फोर्कचा स्वर दर अंश सेल्सिअसला साधारण दहा हजारांत एक भाग उतरतो. म्हणजे भोवतालाहून ३०० अंश तापलेला स्वर सुमारे अर्धा सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग म्हणजे एक सेमीटोन) खाली सुरू होऊन थंड होताना हळूहळू वर चढतो. हे नको असल्यास तापमानानुसार स्वर किती सरकावा हे ठरवणारा गुणक नॉबने शून्य करावा. भौतिकशास्त्रज्ञ गियोम यांनी शोधलेल्या एलिनवार या मिश्रधातूचा ताठपणा तापमानाने जवळजवळ बदलत नाही, तिची आठवण म्हणून मी त्या नॉबला तेच नाव दिले आहे. गोठणबिंदूही आणायचा असेल, तर उष्णतेवरून तापमान काढताना मध्ये एक सपाट टप्पा ठेवावा, म्हणजे सुप्त उष्णता बाहेर पडेपर्यंत स्वर जागीच थांबतो. वितळलेली सळई प्रत्यक्षात वाजणार नाही, पण सॉफ्टवेअरला त्याचे वावडे नाही.

थंड होताना धातू आकुंचन पावतो, टेकणांवर अडतो, एकदम घसरतो आणि टिकटिक करतो. ही टिकटिक तापमानाला न बांधता तापमान घटण्याच्या वेगाला बांधावी. सेकंदाला सरासरी २० टिकटिकी हव्या असतील, तर प्रत्येक ब्लॉकमध्ये तिची शक्यता २.९ टक्के ठेवावी आणि ब्लॉकमधील नेमके सॅम्पल यादृच्छिक निवडावे.

एक दोष मात्र मला फार उशिरा सापडला. वाजवणे थांबवल्यावर काही सेकंदांनी प्रोसेसरवरचा भार कमी होण्याऐवजी एकदम वाढत असे. या गणितात उष्णता कधीच पूर्ण शून्य होत नाही; एकपासून सुरू झालेली आठवी लहर साडेपाच सेकंदांत ३२ बिटी दशांश संख्यांच्या नेहमीच्या मर्यादेखाली जाते, आणि इतक्या सूक्ष्म संख्यांवर बरेच प्रोसेसर अतिशय सावकाश काम करतात. दहा लाखांत एक या पातळीखाली गेलेली प्रत्येक संख्या सरळ शून्य केल्यावर भार जागेवर आला.